येशू खरोखर होऊन गेला का?

प्रश्न : माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला की त्याचे एकच पालुपद : येशू नावाचा माणूस झालाच नाही, ही पुढच्यांनी रचलेली गोष्ट आहे. त्याच्या हयातीतली एकही नोंद नाही, जोसेफसमधला उतारा बनावट आहे आणि रोमन इतिहासकार टॅसिटस ऐंशी वर्षांनी ऐकीव लिहितो, असे त्याचे म्हणणे. परवा आमच्या शेजारच्या पास्टरांसमोरच त्याने हा विषय काढला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. यात तथ्य किती? आणि येशू मूळचा तामिळ होता असे सांगणारे एक मराठी पुस्तक आहे म्हणतात, ते काय प्रकरण?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भाच्याला रागावू नका, त्याने अभ्यास केला आहे. त्याचे तिन्ही मुद्दे बऱ्याच अंशी बरोबर आहेत. गाडी रुळावरून घसरते ती निष्कर्षापाशी. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो तेव्हा वर्गात हा प्रश्न हमखास निघायचा, आणि तो विचारणारी मुले सहसा चांगली निघायची.

जोसेफस हा यहुदी इतिहासकार यरुशलेमच्या पुरोहित घराण्यातला, जन्म इ. स. ३७ चा. यहुद्यांचा वीस खंडांचा इतिहास त्याने ९३-९४ च्या सुमारास पुरा केला. अठराव्या खंडात येशूवर एक परिच्छेद आहे, त्यात ‘तोच ख्रिस्त होता’ असे बेधडक लिहिले आहे. शेवटपर्यंत यहुदी राहिलेला माणूस हे लिहील कसा? जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असे तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ख्रिस्ती पंडितच सांगतो. म्हणजे नकला करणाऱ्या कुणा भाविकाने मध्ये हात मारला. मूळच्या चार ओळींत भर पडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते अख्खा परिच्छेदच घुसडलेला आहे. वाद नको, तो बाजूला ठेवू. टॅसिटसवरही मी फारसा भार टाकत नाही. ख्रिस्ताला पिलाताने रोमन सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत मारले, एवढे तो ११६ च्या सुमारास लिहितो. पण हे त्याने ख्रिस्ती लोकांकडून ऐकले नसेल असे छातीठोक कोण सांगणार?

आता ‘हयातीतली नोंद नाही’ याकडे वळू. ज्याने येशूला क्रुसावर दिले तो पंतय पिलातच घ्या. यहुदियाचा रोमन सुभेदार, दहा वर्षे सत्तेवर, हाताशी सैन्य आणि कारकून. त्याच्या दप्तरातला एक कागद उरलेला नाही. त्याने पाडलेली तांब्याची नाणी सापडतात, पण त्यांवर नाव सम्राटाचे. १९६१ मध्ये आजच्या इस्राएलमधल्या कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात इटालियन पथक खोदकाम करत होते. तिथे एक चुनखडीचा दगड निघाला. नंतरच्या काळात कुणीतरी तो उपटून जिन्यात पायरी म्हणून बसवला होता. त्यावरच्या ओळी डावीकडून झिजलेल्या. वरच्या ओळीत तिबेरियसच्या नावाच्या वास्तूचा उल्लेख, खाली ‘...न्तिउस पिलातुस’ आणि त्याखाली ‘यहुदियाचा प्रीफेक्ट’ (सुभेदार) या हुद्द्याचे तुकडे. सुभेदाराची ही गत, तर गालीलातल्या सुताराच्या पोराचे नाव दगडावर कोण कोरणार होते? इ. स. ७० च्या यरुशलेमच्या वेढ्यात रोमन लोक दिवसाला पाचशे आणि त्याहून जास्त माणसे क्रुसावर चढवत, असे जोसेफस लिहितो. त्या सगळ्या परिसरात खिळा रुतलेले टाचेचे हाड सापडले ते १९६८ मध्ये, आणि तेही खिळ्याचे टोक वाकल्यामुळे तो निघाला नाही म्हणून. असल्या काळात पुरावा नसणे याला फारशी किंमत देता येत नाही.

मग माझा भरवसा कशावर? येशूच्या भावावर!

जोसेफसच्या विसाव्या खंडात एक छोटा प्रसंग आहे. साल ६२. रोमन सुभेदार फेस्तस वारला होता आणि नवा आल्बिनस अजून वाटेत होता. मधल्या काळात महायाजक हनान याने संधी साधून काही जणांना दगडमाराची शिक्षा दिली. त्यातला एक याकोब, ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’. लोकांनी तक्रार केली आणि हनानचे पद गेले. जोसेफसला सांगायचे आहे ते हनानचे प्रकरण. याकोब आला तो ओघात. पदरचे घालणारा भाविक ‘म्हणवला जाणारा’ असे हात राखून लिहीत नाही. हे शब्दही मागून आले असे रिचर्ड कॅरियरसारखे मोजके संशोधक म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटते.

याच याकोबाला ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल प्रत्यक्ष भेटला होता. गलतीकरांस लिहिलेले त्याचे पत्र पन्नाशीच्या दशकातले, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. पौल त्यात चिडलेला आहे. आपण यरुशलेमच्या पुढाऱ्यांचे मिंधे नाही हे ठसवायला तो सांगतो : तिथे केफाकडे (येशूचा शिष्य पेत्र) पंधरा दिवस राहिलो, बाकी प्रेषितांपैकी कुणी दिसला नाही, एक प्रभूचा भाऊ याकोब तेवढा दिसला, देवासमक्ष सांगतो, खोटे बोलत नाही. पुढच्याच अध्यायात, याकोबाकडची माणसे आली म्हणून केफा परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, यावरून अंत्युखिया शहरात पौल त्याला तोंडावर सुनावतो. याकोब पौलाला अडचणीचाच होता. काल्पनिक माणसाला सख्खा भाऊ जोडून वर त्याच्या माणसांशी भांडण कोण ओढवून घेईल? भाऊ म्हणजे धर्मबंधू, असे उत्तर मिळते. मग त्याच वाक्यातला केफा धर्मबंधू नव्हता का?

येशू झालाच नाही ही कल्पनाही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रूनो बाउअर, १९०९ मध्ये आर्थर ड्रूज असे जर्मन लेखक ती मांडून गेले. २०१२ मध्ये तिला पुस्तकभर उत्तर देणारा अभ्यासक बार्ट एरमन स्वतः श्रद्धाळू नाही, हे भाच्याला जरूर सांगा.

आता पास्टरांना न आवडणारी बाजू. माणूस होता म्हणून त्याच्याविषयीचे सगळे खरे ठरत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक येशूच्या जन्माचा संबंध रोमन सुभेदार क्विरिनियसच्या नावनिशीशी (शिरगणतीशी) लावतो, ती इ. स. ६ ची. दुसऱ्या शुभवर्तमानात, मत्तयाच्या वृत्तान्तात, हेरोद राजा जिवंत आहे, तो इ. स. पू. ४ मध्ये मेला. दोन्ही जमवता येत नाही. येशू बेथलेहेमला जन्मला ही गोष्ट मला मागून जोडलेली वाटते. उलट तो नासरेथचा हे खरे वाटते. त्या गावाला कुणी विचारत नव्हते, इतके की तिथून काही चांगले येईल का, ही शंका शुभवर्तमानातच नोंदली आहे. तारणाऱ्यासाठी कुणी मुद्दाम असले गाव निवडणार नाही.

तामिळ येशूचे पुस्तक बाबाराव सावरकरांचे, १९४६ चे. २०१६ मध्ये ते पुन्हा निघाले. त्यात हाताला लागेल असा पुरावा नाही. येशू हिंदुस्थानात शिकला ही कल्पना त्याआधीची. लडाखच्या हेमिस मठात त्याचे चरित्र मिळाल्याचे नोतोविच या रशियनाने १८९४ मध्ये छापले. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन थडकले, तर असली पोथी आमच्याकडे नाही म्हणून मठाधिपतींनी हात वर केले. भाच्याचे संशयी डोके इथे वापरायला हवे होते!

पास्टरांची फार काळजी करू नका. धर्मशिक्षण घेताना यातले बरेच त्यांच्याही वाचनात आले असेल. भाच्याला घेऊन त्यांच्याकडे चहाला जा, पण त्याआधी गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय त्याला वाचायला लावा. अर्ध्या तासाचेही काम नाही.