शेजारच्या आजोबांची २००४ ची ब्युइक लसेबर स्वस्तात मिळतेय. मित्र 'म्हाताऱ्यांची गाडी' म्हणून हसतात. ही कंपनी नक्की कुठली, आणि गाडी घ्यावी का?

घ्या. फक्त पैसे मोजायच्या आधी गाडीखाली वाकून बघा. का, ते पुढे सांगतो.

तुम्ही लिहिलंय की एमएससाठी मिशिगनला आलात आणि हातात पैसे बेताचे आहेत. मीही असाच आलो होतो, आणि मित्रांबरोबर मीही हसायचो. ब्युइक म्हटलं की इथे डोळ्यांपुढे येतात ते रविवारी चर्चला निवांत निघालेले, डावा इंडिकेटर बंद करायला विसरलेले आजोबा. गंमत अशी की लुकलुकणारा इंडिकेटर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली ती ब्युइकनेच, १९३९ मध्ये. वळल्यावर तो आपोआप बंद व्हायची सोय त्यांनी लगेच पुढच्या वर्षी आणली. म्हणजे आजोबांचा विसराळूपणा त्यांनाही ठाऊक असावा.

२०११ मध्ये मी एका आजींकडून २००१ ची लसेबर घेतली. यजमान गेल्यावर त्यांनी गाडी फारशी बाहेर काढलीच नव्हती. ४८ हजार मैल झाले होते. समोरच्या कप्प्यात रबर लावलेली एक छोटी वही सापडली. आजोबांनी पेन्सिलने प्रत्येक वेळचं पेट्रोल, मैल आणि ऑइल बदलल्याची तारीख लिहून ठेवली होती. अक्षर किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं, बारीक आणि सरळ. शेवटच्या दोन पानांवर ते थरथरलेलं होतं. ती वही पाहूनच मी घासाघीस न करता पैसे दिले.

आता कंपनीबद्दल. डेव्हिड डनबार ब्युइक हा मूळचा स्कॉटलंडचा. जन्म १८५४ चा, आणि अगदी लहानपणीच आईवडिलांबरोबर डेट्रॉइटला आला. त्याचा धंदा होता नळकामाच्या सामानाचा. बिडाच्या बाथटबवर पांढरा मुलामा चढवायची पद्धत त्याने बसवली आणि त्यात चांगला पैसा कमावला. मग डोक्यात इंजिनाचं वेड शिरलं, तो धंदा विकला आणि १९०३ मध्ये ब्युइक मोटर कंपनी उभी राहिली. तेव्हाच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. ब्युइकच्या माणसांनी ते सिलिंडरच्या डोक्यावर नेले. हवा सरळ आत, धूर सरळ बाहेर, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद. पुढे सगळ्या जगाने हीच रीत उचलली.

पण डेव्हिडला हिशेब जमायचा नाही. कंपनी फ्लिंट गावात गेली आणि १९०४ मध्ये विल्यम ड्युरंट या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाच्या हातात आली. याला विकण्याची कला उपजतच होती. चारच वर्षांत ब्युइक अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपन्यांत जाऊन बसली आणि तिच्या जोरावर ड्युरंटने १९०८ मध्ये जनरल मोटर्स उभी केली. म्हणजे जनरल मोटर्सने ब्युइक काढली नाही, ब्युइकच्या पैशावर जनरल मोटर्स निघाली. डेव्हिड तोवर बाजूला पडला होता. १९२९ मध्ये डेट्रॉइटमध्येच तो वारला तेव्हा एका धंदेशिक्षणाच्या शाळेत साधी नोकरी करत होता, आणि घरी टेलिफोन घ्यायचीही ऐपत नव्हती. तोवर त्याच्या नावाच्या लाखो गाड्या रस्त्यावर धावत होत्या.

मला या कंपनीबद्दल सगळ्यात जास्त काय आवडतं, तर ती एखाद्या मोठ्या वाड्यासारखी आहे, जिथे शिकून लोक बाहेर पडले आणि स्वतःचे वाडे बांधून बसले. लुई शेवरोले ब्युइकच्या शर्यतीच्या गाड्या चालवायचा. चार्ल्स नॅश ब्युइकचा प्रमुख होता, त्याच्यानंतर वॉल्टर क्रायस्लर. तिघांच्याही नावाने पुढे गाड्या निघाल्या.

इंजिनांचंही तेच. १९६१ मध्ये ब्युइकने साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ (इंग्रजी व्ही अक्षरासारखे कोनात बसवलेले आठ सिलिंडर) काढलं, वजनाला अगदी हलकं. ओतकाम महाग पडायचं आणि कटकटीही बऱ्याच, म्हणून तीन वर्षांत गुंडाळलं. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीच्या साहेबाला हे इंजिन विस्कॉन्सिनमध्ये बोटीची इंजिनं बनवणाऱ्यांच्या कारखान्यात पडलेलं दिसलं. त्याने हक्क विकत घेतले, आणि १९७० ची पहिली रेंज रोव्हर याच इंजिनावर धावली. इंग्रजी दिमाखाचं हे इंजिन मूळ फ्लिंटच्या घराण्यातलं!

दुसरं त्याहून मजेशीर. १९६२ मध्ये त्याच व्ही-८ चे दोन सिलिंडर कमी करून, बीड वापरून स्वस्तातलं व्ही-६ केलं. कोन व्ही-८ चाच ठेवल्यामुळे ते जरा अडखळत, गदगदत चालायचं. १९६७ मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्यांना विकून टाकली. मग १९७३ चं तेलसंकट आलं, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, आणि जनरल मोटर्सला आठवलं की आपल्याकडे एक कमी पिणारं इंजिन होतं. १९७४ मध्ये तेच परत विकत आणलं! माळ्यावरची शेगडी भंगारवाल्याला द्यायची आणि गॅस संपल्यावर त्याच्याच दारात जायचं, तशातली गत. पुढे क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा, बदलून त्याचा गदगदाटही घालवला. तुमच्या आजोबांच्या गाडीत जे ३८०० नावाचं इंजिन आहे ते याच वंशाचं. त्याचंच टर्बो लावलेलं भावंड १९८७ च्या ब्युइकच्याच काळ्या ग्रँड नॅशनलमध्ये होतं आणि ती गाडी सिग्नलवर भल्याभल्या स्पोर्ट्स गाड्यांना मागे टाकायची. मित्र फारच हसले तर त्यांना तिचा एखादा व्हिडिओ दाखवा.

चालवायला कशी? सोफ्यावर बसून होडी वल्हवल्यासारखी. खड्डा आला की गाडी 'हं' म्हणते आणि पुढे जाते. वळणावर मात्र झुकते, आणि घाई केलीत तर चाकं तक्रार करतात. लांबी पाच मीटरच्या वर, त्यामुळे विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये सुरुवातीला घाम फुटेल. ताकद २०५ अश्वशक्ती, पण ती दांडगाईने येत नाही. हायवेवर मला लिटरला साधारण १२ किलोमीटर पडायची, एवढ्या धुडाला ते पुष्कळ. माझ्या गाडीला पुढेही सलग बाक होता आणि गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. पहिल्यांदा बसलो आणि मला काकांची अ‍ॅम्बेसिडर आठवली. आम्ही सहाजण त्यात बसून शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला, तिथल्या भारतीय दुकानांत जायचो. परत येताना डिकीत तांदळाची पोती, तुरीची डाळ, शेवयांची पाकिटं, एकदा तर प्रेशर कुकरचं अख्खं खोकं, आणि वर पुन्हा सहाजणांच्या बॅगा. पुढच्या मधल्या जागेवर कोणी बसायचं यावरून भांडणं व्हायची, कारण तिथे बसणाऱ्याला गाणी लावायचा मान.

हिवाळ्यात काळजी करू नका. गाडी जड आहे, ओढ पुढच्या चाकांना आहे. बर्फाचे टायर घातले की मुकाट चालते.

आता गाडीखाली का वाकायचं. इथे मिशिगनमध्ये रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि वीस वर्षं ते खाऊन पत्रा बिस्किटासारखा होतो. दाराखालच्या पट्ट्या बोटाने दाबून बघा, ब्रेकच्या नळ्या टॉर्च मारून बघा. वरून चकचकीत आणि खालून चाळण, अशा गाड्या इथे पैशाला पासरी. दुसरं, ३८०० ची दोन दुखणी जगजाहीर आहेत. पाणी नेणारे प्लास्टिकचे छोटे कोपरे ठिसूळ होतात, आणि इंजिनात हवा नेणारं वरचं प्लास्टिकचं इनटेक मॅनिफोल्ड उष्णतेने आतून गळतं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) उगाच कमी होत असेल किंवा बॉनेट उघडल्यावर गोडसर वास येत असेल तर समजा. मी दोन्ही आधीच बदलून घेतलं आणि निर्धास्त झालो. खिडकीच्या काचा वर-खाली करून बघा, चारही.

आणि गॅरेजवाला नीट निवडा. एकाने मला चाकातून येणारा घूं-घूं आवाज ऐकून दोन्ही बेअरिंगं गेली म्हणून सांगितलं आणि बिल असं काढलं की गाडी तिथेच सोडून यावी. दुसऱ्याने हात फिरवून सांगितलं, टायर वेडेवाकडे झिजलेत. टायर बदलले, आवाज गेला.

गाडी मी दहा वर्षं चालवली. १ लाख ७१ हजार मैलांवर विकली तेव्हाही इंजिन पहिल्या झटक्याला चालू व्हायचं. नव्या गाडीच्या किमतीत जी हौस आजोबांनी भागवली ती मला जवळपास फुकटात मिळाली. म्हणून म्हणतो, ब्युइक घ्यावी ती दुसऱ्या मालकाने. पहिल्याने पैसे घालवलेले असतात आणि जपूनही वापरलेली असते.

पुढेमागे लसेबरची नवी आवृत्ती येईल म्हणून थांबत असाल तर थांबू नका, ती २००५ मध्येच बंद झाली. आता अमेरिकेत ब्युइक फक्त एसयूव्ही विकते. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्याच घरातली पाँटिअ‍ॅक गेली, सॅटर्न गेली, ब्युइक वाचली. कारण चीन. तिथे ब्युइक जुन्या काळापासून मानाची, शांघायमध्ये चीनचे पहिले पंतप्रधान चौ एन लाय यांच्या घराच्या संग्रहालयात त्यांची ब्युइक अजून ठेवलेली आहे. २००९ मध्ये चीनमध्ये ४ लाखांच्या वर ब्युइक विकल्या गेल्या आणि अमेरिकेत जेमतेम लाखभर. आपल्याकडे जनरल मोटर्स १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला आली होती, आणि अलीकडे २०२० पर्यंत तळेगावलाही कारखाना होता. पण तळेगावात बनल्या त्या शेवरोले. त्यामुळे घरी फोनवर 'ब्युइक घेतली' म्हणालात तर आई 'कुठली बाई ही' म्हणून विचारेल, तयारी ठेवा.

आजोबांकडे जाल तेव्हा किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारा, गाडीची वही ठेवलीय का. असेल तर ती गाडीबरोबर मागून घ्या. माझी मी पुढच्या मालकाला दिली, शेवटची नऊ-दहा पानं माझ्या मराठी अक्षरातली आहेत.