गच्चीवर सगळे जमतात, बोलत कुणीच नाही

प्रश्न : ताई, आमचा कॉलेजचा आठ जणांचा ग्रुप दर कोजागिरीला कोथरूडला आमच्या गच्चीवर जमतो. मसाला दूध, भेळ, सगळं मस्त होतं, पण गप्पा म्हणाल तर फ्लॅटचे रेट, पोरांच्या ॲडमिशन नि चांदणी चौकातलं ट्रॅफिक. मागच्या वर्षी दोन तास हाऊजी खेळलो आणि पांगलो. नंतर कळलं की एकाची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती आणि तो आमच्यात बसून निमूट नंबर खोडत होता. फार लागलं मनाला. थोडं मनातलं बाहेर येईल असा कुठला गेम आहे का?
(एक गच्चीवाली, कोथरूड)

उत्तर : अगं, ते नंबर खोडणं वाचून मलाच कसंतरी झालं. पहिलं म्हणजे "चला, आज मनमोकळं बोलूया" असं जाहीर करू नकोस, आपले लोक लगेच घड्याळ बघतात.

आर्थर ॲरन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नि सहकाऱ्यांनी १९९७ साली ३६ प्रश्नांचा एक प्रयोग छापला. अनोळखी माणसांच्या जोड्या, पाऊण तास, बारा-बारा प्रश्नांचे तीन गट. सुरुवातीला "फोन लावण्याआधी काय बोलायचं ते मनात घोकता का" असलं साधं, आणि शेवटाकडे "दुसऱ्यासमोर शेवटचं कधी रडलात". नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा यांना एकमेकांबद्दल जास्त जवळचं वाटलं. नेटवर याला प्रेमात पडायचे प्रश्न करून टाकलंय, तो भाग सोड. आपल्या कामाचं एवढंच की पायरीपायरीने चढायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं, नाहीतर ती पोलीस चौकी होते.

आठ जण एका गोलात नको, दोघं बोलतात नि सहा जण मोबाईल काढतात. चार-चार बसा. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाक, प्रश्न तूच लिही, विकतची कार्डं मला तरी परक्या घरची वाटतात. "कॉलेजात कशाची भीती वाटायची" पासून सुरू कर, "या वर्षातली घरी न सांगितलेली गोष्ट" तळाशी ठेव. पहिलं उत्तर तुझं, आणि खरं, गुळमुळीत नको. पास म्हणायची मुभा सगळ्यांना, का म्हणून विचारायचं नाही. आणि प्रत्येक ग्रुपमधे एक विनोदवीर असतोच, त्याला दूध ढवळायला बसव.

आमच्याकडे एकदा चिठ्ठी निघाली, "कुणाचा फोन उचलायचं जिवावर येतं?" ज्याची पाळी होती तो नुसता शेंगा सोलत बसला, दाणे खाईना, समोर ढीग करत राहिला, आम्ही कुणी काही बोललो नाही, आणि मग वडिलांबद्दल बोलायला लागला तो अर्धा तास. बाकीच्या चिठ्ठ्या डब्यातच राहिल्या. अशा वेळी गेम पूर्ण करायच्या मागे लागू नकोस.

बाकी त्या मित्रासाठी कोजागिरीची वाट कशाला बघतेस? आजच फोन कर, रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर ने. शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही, काहींना तेच बरं पडतं. आणि नोकरीचं तू काढू नकोस, तो काढेल.