मुलीच्या नावावरची पॉलिसी आणि सिंगापूरची सहल

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय 33, नोकरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि हातात येणारा पगार महिना 72 हजार. पत्नीने बाळंतपणानंतर नोकरी सोडली आहे. वडील एसटीतून निवृत्त झाले असून आईवडील दोघेही त्यांच्याकडेच असतात. मुलगी 19 महिन्यांची आहे. येत्या मे महिन्यात, ती दोन वर्षांची होण्याच्या आत, सर्वांनी मिळून सात दिवसांच्या सिंगापूर-मलेशिया सहलीला जावे असा त्यांचा विचार आहे, कारण दोन वर्षांनंतर तिचे वेगळे विमान तिकीट काढावे लागेल. टूर कंपनीने पावणेपाच लाखांचा खर्च सांगितला असून 75 हजार त्यांच्या हाताशी आहेत. उरलेल्या चार लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावे, की पतसंस्थेतील तीन लाखांची ठेव मोडून बाकीचे मित्राकडून घ्यावेत, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘मुलीच्या भविष्याची सोय झालेली आहे, तिच्या नावाने वर्षाला एक लाखाची पॉलिसी आहे, त्यामुळे ती चिंता नाही.’

प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते. चार लाखांचे कर्ज 14 टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 13,700 रुपये बसतो आणि व्याजापोटी 92 हजार जातात. मुलीचे तिकीट वाचून जे वाचणार आहे ते फार तर 25 हजार. घरखर्चाचे 30 हजार, गृहकर्जाचा 24 हजारांचा हप्ता आणि पॉलिसीचे महिन्याला पडणारे 8,300 वजा केले, की तुमच्याकडे साडेनऊ हजार उरतात. त्यात 13,700 चा हप्ता बसत नाही. पतसंस्थेतील ठेव ही तुमच्या घरातली एकमेव राखीव रक्कम आहे, ती सहलीसाठी मोडू नये. तेव्हा या मे महिन्यात जाऊ नका.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेच नाही तिच्याकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातला खरा धोका तिथे आहे. पत्रासोबत तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे, तो एकदा स्वतः नीट पाहा. ‘प्रस्तावक’ या रकान्यात तुमचे नाव आहे. त्याखाली ‘विमाधारक’ या रकान्यात मुलीचे नाव आहे. ‘प्रीमियम माफी रायडर’ (प्रस्तावकाचा मृत्यू झाल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड) या रकान्यात ‘नाही’ असे छापले आहे. याचा अर्थ असा, की या घरात ज्याच्या पगारावर पाच माणसे जगतात त्याच्या आयुष्याचा विमा या पॉलिसीत उतरवलेला नाही आणि जी 19 महिन्यांची आहे तिच्या आयुष्याचा उतरवला आहे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर विमा कंपनी या पॉलिसीपोटी तुमच्या पत्नीला एक रुपयाही देणार नाही. उलट दरवर्षी एक लाखाचा हप्ता भरण्याची जबाबदारी तिच्यावर येईल. तिला तो भरता आला नाही, तर 20 पैकी जेवढे हप्ते भरले असतील त्या प्रमाणात पॉलिसीची रक्कम घटेल. आज दोन हप्ते भरले आहेत, म्हणजे मूळ विमा रकमेचा दहावा हिस्सा, आणि तोही मुलगी 25 वर्षांची झाल्यावर. विमा हा कमावत्या माणसाचा उतरवायचा असतो, हे पॉलिसी विकणाऱ्या तुमच्या मावसभावाला ठाऊक नव्हते असे मानणे मला कठीण जाते. बारशाच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत, नवजात मुलीचे नाव घेऊन आपल्याच माणसाला अशी पॉलिसी विकली जाते, याची मला मनापासून चीड येते.

परताव्याकडेही पाहू. एक लाखाप्रमाणे 20 वर्षे भरायचे आणि 25 व्या वर्षी 45 लाख मिळणार, असे तुम्हाला सांगितले आहे. हा आकडा हमीचा नाही. लाभाच्या तक्त्यात 4 आणि 8 टक्के असे दोन गृहीत दर असतात, त्यातल्या 8 टक्क्यांच्या रकान्यातून तो उचललेला आहे. तो खरा ठरला असे धरले, तरी तुमच्या पैशावर वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतात. महागाई 6 टक्के धरली, तर 25 वर्षांनंतरच्या त्या 45 लाखांची किंमत आजच्या साडेदहा लाखांएवढी असेल. तेवढ्या पैशात मुलीचे शिक्षण आणि लग्न दोन्ही होईल, ही तुमची अपेक्षा मला अवास्तव वाटते. त्याऐवजी पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडले असते, तर हप्ते 15 वर्षेच भरावे लागले असते. जानेवारी 2024 मध्ये या खात्याचा व्याजदर 8.2 टक्के झाला. तोच दर पुढे टिकला असे धरले, तर 15 लाख भरून 21 व्या वर्षी सुमारे 48 लाख होतात. पाच लाख कमी भरायचे आणि पैसे चार वर्षे आधी हातात येणार. सरकार दर तिमाहीला या व्याजदराचा आढावा घेते, त्यामुळे शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दोन्हींतला फरक त्याने पुसला जाणार नाही. पॉलिसीमुळे करही वाचतो, असे तुम्ही लिहिले आहे. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही आणि तुमचा पगार त्याच्या आत आहे. जो कर मुळात भरायचाच नाही तो वाचणार कुठून?

आता करायचे काय? सर्वप्रथम स्वतःचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा) घ्या, किमान सव्वा कोटीचा, साठाव्या वर्षापर्यंतचा. त्यातून गृहकर्जाचे उरलेले 26 लाख फिटतील आणि बाकीच्या रकमेच्या व्याजावर घर चालेल. तुमच्या वयाच्या निरोगी माणसाला यासाठी वर्षाला साधारण 15 ते 20 हजार रुपये पडतात. कंपनीच्या गटविम्यातले पाच लाख यात धरू नका, नोकरी सुटली की तेही जातात. अर्जात सिगारेट, तंबाखू, मावा, जे काही असेल ते खरे लिहा. हप्ता वाढला तरी चालेल; लपवलेली सवय पुढे उघड झाली तर दाव्याच्या वेळी तुमच्या पत्नीला कंपनीशी भांडत बसावे लागेल. ही पॉलिसी 1874 च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या. अर्ज करतानाच तसे नमूद करायचे असते, म्हणजे विम्याच्या रकमेवर सावकार किंवा बँक हक्क सांगू शकत नाही.

टर्म पॉलिसी हातात पडल्यानंतरच, त्याआधी मुळीच नाही, मुलीच्या पॉलिसीचा निर्णय घ्या. कंपनीकडून सरेंडर मूल्य (पॉलिसी आत्ताच बंद केली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर राहणारी घटलेली रक्कम) दोन्ही लेखी मागवा. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी सुरुवातीच्या वर्षांतले सरेंडर मूल्य पूर्वीपेक्षा सुधारले आहे, तरी भरलेले दोन लाख पूर्ण परत मिळतील अशी आशा धरू नका. त्यातले काही बुडतील. ते वसूल व्हावेत म्हणून आणखी 18 लाख त्याच पॉलिसीत घालणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. जी रक्कम परत येईल ती सुकन्या खात्यात भरा. मावसभावाला वाईट वाटेल, हे मला समजते. त्याचे कमिशन त्याला केव्हाच मिळालेले आहे.

पतसंस्थेतील तीन लाखांबद्दलही लिहिणे भाग आहे. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून घराची सगळी राखीव रक्कम तिथे ठेवू नये. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ज्यांना दुसऱ्या दिवशी पैसे काढता आले आणि ज्यांना आले नाहीत त्यांच्या हालांतला फरक सांगलीकरांनी पाहिलेला आहे. मुदत संपताच ही रक्कम बँकेत हलवा आणि तिला हात लावू नका.

सहल रद्द करा, असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर एसटीत नोकरी केलेल्या वडिलांना एकदा विमानात बसवावे, ही तुमची इच्छा मोलाची आहे आणि त्यांची तब्येत पाहता ती फार लांबणीवर टाकण्यासारखीही नाही. पॉलिसीचा हप्ता थांबला की महिन्याला सुमारे 18 हजार उरतील. त्यातून टर्मचे दीड हजार आणि सुकन्याचे पाच हजार बाजूला काढले, तरी अकरा हजारांचे आवर्ती खाते चालू शकते. दीड वर्षात त्यात दोन लाख जमतील आणि दोन दिवाळ्यांच्या बोनसचे मिळून एक लाख त्यात पडतील. तीन लाखांत पाच जणांचे पाच रात्रींचे सिंगापूर आटोपशीरपणे होते. मलेशिया गाळा. दोन देश सात दिवसांत उरकणाऱ्या सहलीत रोज सकाळी लवकर बस सुटते, मुलीची दुपारची झोप प्रवासात मोडते आणि तिला कडेवर घेऊन तुम्ही आणि आजीआजोबा, सगळेच दमता. दीड वर्षाने जाल तेव्हा मुलीचे तिकीट लागेल, हे खरे. पण तिला स्वतःची जागा मिळेल आणि ती स्वतःच्या पायांनी प्राणिसंग्रहालय पाहील. युनिव्हर्सल स्टुडिओवर खर्च करू नका, तिथल्या मोठ्या खेळांना उंचीची अट आहे आणि तुमच्या आईवडिलांना त्यात रस असण्याची शक्यता कमी. सिंगापूरचे आगमन पत्र सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. टूर कंपनीकडून पॅकेज घेतले तर ती टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या किमतीवर आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, आकारेल. तुम्हाला कर लागत नसला तरी विवरणपत्र भरा, म्हणजे ती रक्कम परत मिळेल. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, तो प्रवास विम्याच्या अर्जात लिहा आणि आधीच्या आजारांना संरक्षण देणारीच पॉलिसी निवडा, कारण तिथल्या रुग्णालयांत परदेशी रुग्णाला कोणतीही सवलत मिळत नाही.

पॉलिसीचा तिसरा हप्ता चार महिन्यांनी आहे. टर्म इन्शुरन्ससाठी वैद्यकीय तपासणी आणि मंजुरी यांत काही आठवडे जातात, म्हणून तो अर्ज या आठवड्यातच करा.