40 हजारांचा निळा वाघ

प्रश्न: मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतो, दोन वर्षं झाली. परवा ऑर्ग्रिमार या गेममधल्या शहरात बँकेसमोर एक जण निळसर आरपार दिसणाऱ्या वाघावर बसून उभा होता, सगळे त्याच्याभोवती गोळा. आता डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर एक जण म्हणतोय की त्याच वाघाचा कोड आहे, 40 हजार दे. घेऊ का? खरा असतो का असला कोड? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी पैसे खिशात ठेव, मग वाच.

तो स्पेक्ट्रल टायगर. गेममध्ये कुठल्याही बॉसला (बलाढ्य शत्रूला) मारून तो मिळत नाही, कारण तो आलाय पत्त्यांच्या पाकिटातून. 2006 साली वॉवचा (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचंच छोटं नाव) खराखुरा पुठ्ठ्याचा कार्ड गेम निघाला, अप्पर डेक नावाची कंपनी छापायची, आणि त्याच्या काही पाकिटांत लूट कार्ड टाकलेलं असायचं. कार्डावर एक पट्टी, आपण रिचार्ज कूपनची खरवडायचो ना तशीच, ती नाण्यानं खरवडायची, खालचा कोड वेबसाइटवर टाकायचा, मग तिथून मिळालेला कोड घेऊन गेममध्ये बूटी बे बंदरात जायचं आणि लँड्रो लाँगशॉट नावाच्या गॉब्लिनला (गेममधल्या बुटक्या हिरव्या पात्राला) सांगायचा, की तो तुझ्या हातात वस्तू ठेवणार. पहिल्याच सेटमध्ये कासव होतं, आणि गंमत म्हणजे त्या कासवावर बसलं की स्पीड वाढायचाच नाही, स्वतःच्या पायांनी पळालास तर जेवढा तेवढाच, तरी लोक मिरवत फिरायचे! वाघ आला 2007 च्या फायर्स ऑफ आउटलँड सेटमध्ये. एकाच कार्डात दोन वाघ, एक साधा आणि एक चिलखतवाला जोरात पळणारा. पाकिटांमागून पाकिटं फोडली तरी तो निघेलच असं नव्हतं. पुढे 2010 मध्ये कार्डांचं काम क्रिप्टोझोइककडे गेलं आणि 2013 मध्ये तो गेमच बंद झाला. म्हणजे नवीन कार्ड छापणं थांबलं, जी न खरवडलेली शिल्लक आहेत तीच, आणि दर वेळी कोणीतरी एक खरवडतो तेव्हा त्यातलं एक कमी होतं. भाव चढायचं कारण एवढंच रे.

आता तुझा डिस्कॉर्डवाला. कोड एकदाच चालतो, आणि तो आधी वापरलाय की नाही हे नुसतं बघून तुला कळणारच नाही. तो तुला कार्डाचा फोटो पाठवेल, पट्टीवर बोट ठेवलेलं असेल, आणि तोच फोटो त्याने आणखी पाच जणांना पाठवलेला असू शकतो. पैसे गेले की माणूस गायब, आणि पोलिसांना काय सांगणार, वाघ दिला नाही म्हणून? अजून एक जुना प्रकार, गेममध्ये अनोळखी कोणीतरी व्हिस्पर करतो, म्हणजे खासगी मेसेज पाठवतो, की तुला फुकट माऊंट (बसायचं वाहन किंवा प्राणी) लागलंय, इथे लॉगिन कर, आणि ती साइट हुबेहूब असते. वाघ राहिला बाजूला, सगळं अकाउंटच जातं. ऑथेंटिकेटर (लॉगिन करताना दुसऱ्यांदा खात्री करणारं अॅप) लावला नसशील तर हे वाचून झाल्यावर लगेच लाव.

आणि एवढाच जीव अडकला असेल तर सरळ रस्ता आहे की. 2015 पासून वॉव टोकन मिळतं, कंपनीकडूनच पैसे देऊन घ्यायचं, गेममधल्या ऑक्शन हाउसमध्ये (लिलावघरात) विकून गोल्ड (गेममधले पैसे) करायचं. वाघ गेममध्ये लगामाच्या रूपात मिळतो, तो लगाम वापरला नसेल तर खेळाडू तो एकमेकांना विकू शकतात, ऑक्शनवर अधूनमधून येतो. शिवाय पँडारिया या गेममधल्या खंडात मॅडम गोयाचा काळा बाजार आहे, 2012 पासून, तिथे असल्या बंद पडलेल्या चिजा बोलीवर लागतात, हरलास तर गोल्ड मेलनं परत. गोल्ड भरमसाट लागतं, ते मात्र खरं.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला गेममधला एक घोडा हवाय, म्हणतो बँकेच्या कार्डावरून पैसे भर. नुसत्या चित्राला पैसे कोण देतं हो? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: खूप जण देतात, ताई! एप्रिल 2010 मध्ये याच गेमच्या दुकानात सेलेस्टियल स्टीड नावाचा चमकता घोडा 25 डॉलरला आला, तर घ्यायला ऑनलाइन रांग लागली, रेशनच्या दुकानासारखी. तुम्हाला चित्र वाटतं ते बरोबरच आहे. पण त्याच्या वयात आपणही क्रिकेटरांचे फोटो जमवले आणि एकासाठी भावंडांशी भांडलो, हे आठवून बघा. फक्त एक विचारा त्याला, घोडा कंपनीच्या दुकानातला आहे की कोणा माणसाकडून. दुकानातला असेल तर किंमत समोर लिहिलेली असते, द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माणसाकडून असेल तर वरचं उत्तर त्याला वाचून दाखवा. आणि कार्डाचा नंबर गेममध्ये सेव्ह करून ठेवू नका, एवढं माझं ऐका.

प्रश्न: अशी माऊंट पुढे फुकट मिळतात का? थांबू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कधी कधी मिळतात, आणि ज्यांनी महाग घेतलेली असतात ते चिडतात. फेलड्रेक नावाचा ड्रॅगन असाच कार्डातला, लोकांनी वर्षानुवर्षं जपलेला. नोव्हेंबर 2022 मध्ये ड्रॅगनफ्लाइट हा गेमचा नवा भाग आला तेव्हा कंपनीनं तो ट्विच या साइटवर खेळाचं थेट प्रक्षेपण म्हणजे स्ट्रीम बघणाऱ्यांना वाटला, काही तास बघायचं, झालं. माझा एक मित्र तेव्हा स्ट्रीम चालू करून मोबाइल उशाशी ठेवून झोपला आणि सकाळी ड्रॅगनवर बसला. मी मात्र बॅटनेट (गेम कंपनीचं) आणि ट्विच अकाउंट जोडायचंच विसरलो होतो, रात्रभर बघूनही काही मिळालं नाही.