‘वायू-वर्णलेखन’मधला वर्ण कुणाचा?

प्रश्न असा आहे: गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातले घटक वायूच्या प्रवाहात सुटे करण्याच्या पद्धतीत, रंग दिसतच नाहीत, मग मराठीत तिला ‘वायू-वर्णलेखन’ कशाला म्हणायचं? ‘वायू-पृथक्करण’ म्हटलं तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडलं. ‘वायू-पृथक्करण’ ऐकलं की माझं डोकंच उठतं. त्यातून वायू वेगळे काढायचे आहेत असं वाटतं, आणि इथे तर वायू नुसता वाहून नेणारा: हेलियम, नायट्रोजन नाहीतर हायड्रोजन. नमुना बहुतेकदा द्रव असतो. त्यातला मायक्रोलिटरभर सुईने तापलेल्या कप्प्यात टोचला की त्याची वाफ होते, आणि वायू ती वाफ नळीतून पुढे ढकलतो. नळी तीसेक मीटर लांब, आतून जेमतेम पाव मिलिमीटर रुंद, ओव्हनमध्ये वेटोळं करून ठेवलेली. तिच्या आतल्या थरात जो घटक जास्त रेंगाळतो तो उशिरा बाहेर पडतो. नुसत्या उत्कलनबिंदूवर सगळं ठरत नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, बेंझीन ८० अंशांना. तरी थर अध्रुवीय, म्हणजे तेलामेणासारखा, असला तर इथेनॉल बरंच आधी निसटतं.

आता ‘वर्ण’. ‘क्रोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये रंग, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. खरी गंमत शब्द घडवणाऱ्याच्या आडनावात आहे. मिखाइल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांतली रंगद्रव्यं झिरपू दिली, तेव्हा हिरवे-पिवळे पट्टे सुटे झाले. १९०६ साली त्याने या पद्धतीला ‘क्रोमॅटोग्राफी’ हे नाव दिलं. आणि रशियनमध्ये ‘त्स्वेत’ म्हणजे रंगच! माझ्या मते त्याने ग्रीकच्या आडोशाने पद्धतीवर स्वतःची सही केली. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: हीच रीत रंगहीन पदार्थांनाही लागू पडते असं त्याच लेखात लिहिणारा माणूस नाव मात्र रंगाचंच का ठेवतो?

याहून गोड गोष्ट म्हणजे, अनेक भाषाशास्त्रज्ञ हा ‘त्स्वेत’ आणि आपला ‘श्वेत’ एकाच ‘चमकणे’ अर्थाच्या मुळाशी नेऊन जोडतात. पांढऱ्याशुभ्र खडूवर रंग उलगडणाऱ्याचं नाव श्वेताचं भावंड! ‘वर्ण’ काढून टाकायला निघालेले परिभाषाकार हे सगळं पुसून टाकतात, आणि मिळवतात काय, तर एक चुकीचा शब्द.

शिवाय वर्ण म्हणजे अक्षरही. नळीच्या टोकाशी शोधक (डिटेक्टर) बसवलेला असतो. घटक आला की आलेखावर एक शिखर उमटतं. ही शिखरं म्हणजेच अक्षरं, ती लावून वाचावी लागतात. म्हणून ‘यंत्राने पदार्थ ओळखला’ हेही घाईचं बोलणं. शिखर कितव्या मिनिटाला आलं तो धारणकाल, आणि दोन वेगळ्या पदार्थांचा धारणकाल सारखा असू शकतो. त्याच परिस्थितीत शुद्ध पदार्थ सोडून ताडून पाहावं लागतं, किंवा टोकाला वस्तुमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) जोडून रेणूचे तुकडे कोणकोणत्या वस्तुमानाचे निघतात ते पाहावं लागतं. त्या उपकरणाच्या मराठी नावातही ‘वर्ण’ आहेच. तो काढा असं अजून कुणी म्हणालेलं नाही.