थकलेले हप्ते, इंग्लंडमधलं घर

प्रश्न : मुलगा-सून इंग्लंडमध्ये असतात, दोघांनाही तिथे कायम राहण्याची परवानगी आहे. मुलाची नोकरी गेली, सून घरीच असते. घरकर्जाचे दरमहा १,१५० पौंडांचे चार हप्ते थकलेत. सरकार हप्ते भरतं म्हणे, खरं का? मुलगा तर बँकेला चाव्या देऊन मोकळं व्हायचं म्हणतो.

उत्तर : चाव्या देऊ नकोस, हे आजच फोन करून सांगा. घर विकलं जाईपर्यंत व्याज चढतच राहतं, विक्रीत कमी पडलेले पैसे त्याच्याकडूनच वसूल होतात, आणि कौन्सिलकडे (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) निवारा मागायला गेल्यावर ‘स्वतःहून बेघर झालात’ असं ठरू शकतं.

सरकार हप्ता भरत नाही. ‘सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट’ योजनेत फक्त व्याज भरलं जातं, तेही सरकारने ठरवलेल्या दराने, कर्जाच्या पहिल्या २ लाख पौंडांपुरतं. मुद्दल आणि आधीची थकबाकी त्यात बसत नाही. एप्रिल २०१८पासून ही मदत म्हणजे उसने पैसेच: घरावर सरकारचा बोजा चढतो आणि घर विकताना तो सव्याज फिटतो. पैसे थेट बँकेकडे जातात. घर दोघांच्या नावावर असेल तर कागदांवर दोघांच्या सह्या लागतात. एक सही राहिली की काम तिथेच अडतं.

त्यासाठी आधी ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ (कमी उत्पन्न असलेल्यांना किंवा बेकारांना मिळणारा सरकारी भत्ता) सुरू हवं आणि त्याचे सलग तीन महिने पूर्ण व्हावे लागतात. म्हणजे अर्ज जितका लांबेल तितकी व्याजाची मदतही लांबणार. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही. बरेच जण इथे एक चूक करतात. नोकरी गेल्यावर नुसता ‘न्यू स्टाइल’ बेकारभत्ता घेतात आणि निश्चिंत होतात. त्या भत्त्यावर ही योजना लागू होत नाही.

मधल्या काळात बँकेला लेखी कळवावं : अर्ज केला आहे, हा त्याचा पुरावा, आणि दरमहा इतके पौंड भरू शकतो. मदत मिळण्याची शक्यता दिसत असेल तर घराच्या ताब्याचा दावा लांबवण्याचा विचार बँकेने करावा, असं कोर्टाची दाव्यापूर्वीची नियमावलीच सांगते.

दावा झालाच तर ‘एन११एम’ हा उत्तर देण्याचा फॉर्म भरावा आणि सुनावणीला जातीने जावं. न जाणं सगळ्यात महागात पडतं. १९७०च्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ कायद्याच्या कलम ३६नुसार न्यायाधीश ताबा थांबवू शकतात, पण चालू हप्ता भरून वर थकबाकी फिटेल असं दाखवावं लागतं. १९९६च्या नॉर्गन खटल्यापासून ही थकबाकी कर्जाच्या उरलेल्या मुदतीवर पसरवता येते. ४,६०० पौंड आणि २० वर्षं बाकी असतील तर महिन्याला साधारण १९ पौंड. ‘जमेल तसं देतो’ म्हणण्यापेक्षा हा आकडा जमाखर्चाच्या कागदासह पुढे ठेवावा. कोर्टात मोफत वकिली सल्ला मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न (दुसऱ्या वाचकाचा) : मी इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर (नोकरीसाठीचा व्हिसा) आहे. हे मला लागू होतं का?

उत्तर : युनिव्हर्सल क्रेडिट नाही, म्हणून व्याजाची योजनाही नाही. व्हिसावर ‘सरकारी निधी नाही’ ही अट असताना अर्ज केलात तर व्हिसाच धोक्यात येईल. कलम ३६ आणि कोर्टातला मोफत सल्ला मात्र तुम्हालाही आहे.