नवसात नऊ नाहीत

प्रश्न असा आला आहे. आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली म्हणून मुंबईतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवली आणि पत्रिकेच्या मसुद्यात लिहिले, ‘नवसपूर्तीनिमित्त परमेश्वराचे धन्यवाद मानण्यासाठी’. त्यावर नातेवाइकांतच दोन आक्षेप निघाले. एकाचे म्हणणे, नवस हा ख्रिस्ती माणसाचा शब्दच नाही. दुसऱ्याचे म्हणणे, नवस हा मुळात ‘नोव्हेना’चाच, म्हणजे नऊ दिवस चालणाऱ्या प्रार्थनेच्या नावाचाच, अपभ्रंश आहे, दोन्हीत नऊ आहेत, तेव्हा सरळ ‘नोव्हेनापूर्ती’ छापावे. यांतले बरोबर काय?

दोन्ही आक्षेप चुकीचे आहेत. ज्यावर बोट ठेवायला हवे होते ते मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटले. ‘धन्यवाद मानणे’ असे मराठीत नसते. आभार मानतात, धन्यवाद देतात. वेदीवरून, ध्वनिक्षेपकावरून, लग्नाच्या हॉलमधून हा ‘धन्यवाद मानतो’ इतका ऐकू येतो की आता तो कुणाला खटकेनासा झाला आहे. तो खटकायला हवा, कारण दोन्ही शब्दांचे पोट वेगळे आहे.

आभारात भार आहे. कुणी आपल्यासाठी काही केले की त्याचे वजन आपल्या डोक्यावर येते, आणि ते आले आहे हे कबूल करणे म्हणजे आभार मानणे. म्हणून क्रियापद ‘मानणे’ हेच. ‘आभार देतो’ म्हटले तर ओझे ज्याने उपकार केला त्याच्याच डोक्यावर जाते. ‘आभार व्यक्त करतो’ हे ‘भावना व्यक्त करतो’च्या साच्यातून निघालेले आहे. ‘आभारप्रदर्शन’ तर कार्यक्रमपत्रिकेतून कायमचे जावे असे मला वाटते. डोक्यावरच्या भाराचे कुणी प्रदर्शन मांडत नाही. याच भाराची दुसरी बाजू म्हणजे ‘उतराई’. ससून डॉकवरून भरलेली पाटी घेऊन निघालेल्या कोळणीला पाटी खाली ठेवायला कुणी हात दिला की जे होते, ते या शब्दात आहे. भार चढतो तो आभार, भार उतरतो ती उतराई. मराठीने केवढी नेटकी जोडी बांधली आहे! पोर्तुगिजांचा आभाराचा शब्द ‘ओब्रिगादो’ याच्या जवळ येतो, पण तिथे ओझे नाही, बंधन आहे: ‘मी बांधला गेलो’.

आता स्तोत्रसंहितेतले ११६ वे स्तोत्र मराठी बायबलात उघडा. बाराव्या ओवीत भक्त विचारतो की परमेश्वराने केलेल्या सर्व उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ. तेराव्या ओवीत उत्तर येते: तारणाचा प्याला हाती घेईन. म्हणजे उतराई होण्याचा मार्ग काय, तर त्याच्याच हातून आणखी घेणे. आणि चौदाव्या ओवीत नवस फेडण्याची गोष्ट आहे, तीही सगळ्या लोकांसमोर. अठराव्या ओवीत पुन्हा तेच. उपकार, उतराई आणि नवस हे तिन्ही शब्द लागोपाठ तीन ओव्यांत. पहिला आक्षेप इथेच संपला. जो शब्द बायबलाच्या मराठी भाषांतरात पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला तो ख्रिस्ती नाही, असे म्हणणाऱ्याने आधी ते पान उघडावे. योनाने माशाच्या पोटातून प्रार्थना केली तिच्या शेवटीही नवस आहे. हन्नाने शमुवेलासाठी केला तोही नवसच.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे, कारण तो कानाला पटतो. नोव्हेनात नऊ आहेत हे खरे. लॅटिन ‘नोवेम’ म्हणजे नऊ, आणि तो आपल्या ‘नऊ’चा सख्खा नातलग आहे. नऊ कशाचे? प्रभूच्या स्वर्गारोहणापासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, प्रेषित आणि मरिया एकत्र प्रार्थना करत राहिले त्या नऊ दिवसांचे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ सालापासून दर बुधवारी नोव्हेना चालते आणि लोक लागोपाठ नऊ बुधवार धरतात, म्हणजे दिवसांच्या जागी वार आले, आकडा तोच राहिला. एवढे सगळे नऊ पाहिल्यावर नवसातही नऊ दिसू लागतात. पण नऊ सोमवारांचा नवस असतो तसा पाच नारळांचा असतो, एका मेणबत्तीचा असतो, पायी चालत जाण्याचाही असतो. नवसाला आकड्याची अट कधीच नव्हती. कुणी ‘नव’ आणि ‘आस’ अशी फोड करून ‘नवी आशा’ काढील. तीही गोड आहे आणि तितकीच निराधार आहे.

नवसाचे मूळ ‘नमस्’ आहे. नमस्कारातले नमस्. नमणे, वाकणे.

मधल्या ‘म’चा ‘व’ होणे ही मराठीची जुनी खोड. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव, आमलकाचा आवळा, श्यामलाचा सावळा, भ्रमराचा भोवरा. त्याच वाटेने नमसचा नवस झाला. प्राकृतातही या कुळातला शब्द देवाला कबूल केलेल्या वस्तूसाठी येतो, म्हणजे अर्थाचा सांधाही जागेवर आहे. याच धातूचे आणखी एक भावंड आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही: लवणे. ‘लवून मुजरा’, ‘पाते लवते न लवते तोच’. नम्‌मधल्या ‘म’चा ‘व’ झाला आणि सुरुवातीच्या ‘न’चा ‘ल’; नवनीताचे लोणी झाले किंवा निंबाचा लिंब झाला तसा. तेव्हा नवस आणि लवणे हे एकाच आईचे. जो नवस बोलतो तो आधी लवतो.

इथे थोडे थांबतो, कारण नवसाला ‘देवाशी केलेला सौदा’ म्हणून हिणवणारे प्रवचन वर्षातून चार वेळा तरी कानी पडते. मला पास कर, मी मेणबत्ती लावीन. असे मागणारे आहेतच, आणि धर्मगुरू त्यांना सुधारतात ते योग्यच आहे. पण दोष मागणाऱ्याच्या मनाचा आहे, शब्दाचा नाही. शब्दात देवघेव कुठेच नाही, शब्दात वाकलेली मान आहे. ‘पण फेडणे आहे ना? कर्ज फेडतात तसे?’ असे विचारणाऱ्याने फेडणे हे क्रियापद पुरते पाहिलेले नसते. फेडणे म्हणजे मुळात सोडवणे, मोकळे करणे. नेसलेले वस्त्र फेडतात, उपासाचे पारणे फेडतात, मनातला किंतू फिटतो, डोळ्यांचे पारणे फिटते. यांत पैसा कुठेच नाही. कर्ज ‘फेडतात’ तेही गाठ सुटते म्हणून. नवस फेडणे म्हणजे बांधून घेतलेली गाठ सोडवणे. देवाला किंमत चुकती करणे असा अर्थ त्यात नंतर शिरला, बाजारातून.

वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चला, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. तिथे मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकत मिळते. मेणाचा पाय वाहणारा मागायला आला आहे की आभार मानायला, हे त्या पायावरून कळत नाही. पायाला आराम पडावा म्हणूनही तो वाहतात, आराम पडला म्हणूनही वाहतात. मला यात गोंधळ दिसत नाही. मागतानाचे वाकणे आणि मिळाल्यावरचे वाकणे एकच असेल, तर दोन्हींना एकच शब्द आणि एकच मेण पुरते.

आणि आता धन्यवाद. ‘परमेश्वराचा धन्यवाद कर’ हे १०३ व्या स्तोत्राचे मराठी चुकीचे आहे, ‘परमेश्वराला धन्यवाद दे’ असे हवे, असा शेरा शुद्धलेखनाचे कैवारी मारतात. त्यांच्याशी माझे बिलकूल जमत नाही. हे मराठी चोख आहे, त्यांनी मूळ पाहिलेले नाही. तिथे हिब्रूत आभाराचा शब्दच नाही. तिथे ‘बारख’ आहे, म्हणजे धन्य म्हणणे, आशीर्वचन बोलणे. धन्यवाद म्हणजेही नेमके तेच: ‘धन्य’ असा वाद, धन्य असा उच्चार. कुणाचा गौरव करतात, कुणाचा जयजयकार करतात, तसा परमेश्वराचा धन्यवाद करतात. षष्ठी आणि एकवचन दोन्ही जागच्या जागी आहेत. धन्यवादाला ‘थँक्यू’चा पर्याय आपण केले, त्या आधी तो स्तुतीचाच शब्द होता. पुढच्याच ओवीत ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको’ असे येते. आधी तो धन्य आहे म्हणून, मग त्याने दिले म्हणून. हा क्रम भाषांतरकाराने राखला आणि टीकाकारांनी मोडायला सांगितला.

या बारखचे मला विशेष वाटते ते असे. हिब्रूत ‘बेरेख’ म्हणजे गुडघा. व्यंजने तीच, ब-र-ख. दोन्ही एकाच धातूची की योगायोगाने सारखी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मी त्यांना एकच मानतो, आणि त्याला आधार देतो. ९५ व्या स्तोत्राच्या सहाव्या ओवीत ‘आपण गुडघे टेकू’ म्हणायला जे क्रियापद वापरले आहे ते याच तीन व्यंजनांचे. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात अब्राहामाचा चाकर विहिरीजवळ उंटांना खाली बसवतो तिथेही तेच. उंट आधी पुढचे गुडघे टेकतो; पाहिलेल्याला हे सांगायला नको. तेव्हा हिब्रू माणूस देवाला धन्य म्हणतो त्या शब्दात गुडघा आहे, आणि मराठी माणूस देवाला नवस बोलतो त्या शब्दात वाकलेली मान. दोन भाषांची कुळे एकमेकांना अनोळखी. तरी शरीराने दोघींना एकच गोष्ट शिकवली. ही माझी लाडकी जुळणी आहे आणि मी ती सोडणार नाही.

‘कृतज्ञ’वर वेळ घालवत नाही, केलेले जाणतो तो कृतज्ञ, ते मारतो तो कृतघ्न, शाळेत झाले आहे.

राहिली उपकारस्तुती. हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजाने जपला म्हणून टिकला. बाहेरच्या मराठीत ‘उपकार’ आंबट झाला आहे. ‘माझ्यावर उपकार करतोस का?’ हे आता भांडणातले वाक्य आहे. मुळात ‘उप’ म्हणजे जवळ. जवळ येऊन केलेले ते उपकार. लांबून फेकलेले दान उपकार होत नाही. लूकच्या २२ व्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडली आणि दिली. चार क्रियापदे, आणि त्यातले दुसरे हे. ग्रीक क्रियापदावरून ‘यूखारिस्त’ हे मिस्साचे नावच पडले. ‘यू’ म्हणजे चांगले, ‘खारिस’ म्हणजे कृपा, प्रसाद. खारिसचा संबंध कुणी ‘हर्ष’शी लावतात, तो चूक, हर्षाचे मूळ अंगावर काटा उभा राहण्यात आहे. खारिसचे खरे संस्कृत भावंड ‘हर्यति’ आहे, आवडणे, मनाला भावणे. ग्रीसमध्ये आज दुकानदार सुटे पैसे परत देताना जे ‘एफखारिस्तो’ म्हणतो, ते याच क्रियापदाचे रूप.

हेच क्रियापद बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत २७ व्या अध्यायात पौलाच्या बाबतीत येते. वादळाची चौदावी रात्र सरत आलेली, जहाजावर २७६ माणसे, कुणी अन्नाला शिवलेले नाही. पौल भाकर घेतो, सर्वांसमोर देवाचे उपकार मानतो आणि खाऊ लागतो. जहाज अजून वाचलेले नाही. पुढे ते फुटतेच. आभार मानायला संकट टळण्याची वाट पाहिलेली नाही, हे ध्यानात घेतले की पौलाच्याच पत्रातल्या ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ या वाक्यातला ‘स्थितीत’चा प्रत्यय कळतो. सर्व स्थिती‘बद्दल’ असे ते नाही. दुखण्याबद्दल नव्हे, दुखण्यात. वाचताना हा ‘त’ गिळणारे वाचक दुखावलेल्या माणसाला भलताच उपदेश करून बसतात.

आपल्या गावठाणांतला आगेरा याच जातीचा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन मंडळी, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे मराठी ख्रिस्ती, भाताची नवी कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. त्याचे नाव लॅटिन ‘आगेर’, म्हणजे शेत, याच्याशी जोडतात. तिथे आधी काही बोललेले नसते, म्हणून फेडायचेही काही नसते. भात आला, एवढेच कारण. त्याला नवस म्हणू नये.

तर पत्रिका. आईसाठी कुणी खरोखर नवस बोलले असेल तर ‘नवस फेडण्यासाठी’ लिहा. ‘नवसपूर्ती’ टाळा, कारण पूर्ती मागण्याची होते, नवसाची फेड होते. नोव्हेना धरली असेल तर ‘नऊ बुधवारांच्या नोव्हेनाच्या समाप्तीनिमित्त’ लिहा, तिथे पूर्ती-समाप्ती चालते. दोन्ही नसेल, नुसती आई बरी झाली असेल, तर ‘आईला मिळालेल्या आरोग्याबद्दल उपकारस्तुतीची मिस्सा’ एवढे पुरे. क्रियापद हवेच असेल तर ‘देवाची उपकारस्तुती करण्यासाठी’ किंवा ‘देवाचे आभार मानण्यासाठी’. दोन्ही एका ओळीत नकोत. ‘उपकारस्तुती’ एक शब्द, मध्ये जागा सोडायची नाही, शेवटची ‘ती’ दीर्घ. मात्र पुढे शब्द जोडला की ती ऱ्हस्व होते: उपकारस्तुतिगीत, उपकारस्तुतिप्रार्थना. छापखाना हे हमखास दीर्घ करतो, तेव्हा शेवटचे प्रूफ स्वतः वाचा.